शिवेवरचा चणा

घरात मला ‘दवंडी’ म्हणत. प्रश्न कोणालाही विचारलेला असो, उत्तर आधी माझ्या तोंडून बाहेर पडायचं. आई वैतागून म्हणायची, “उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, जरा दम धर.” दम धरणं माझ्या कुंडलीतच नव्हतं. आता ऐंशी उलटली, दात गेले, तरी जीभ आहे तिथेच आहे. पण या जिभेने एकदा मला असा काही धडा दिला, की तो मी अजून विसरलेले नाही.

मध्यभारत होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. इंदूर आणि ग्वाल्हेर, आजवर एकमेकांकडे डोळे वटारून बसलेली दोन संस्थानं, एका राज्यात आली होती. मी एकोणीस वर्षांची, इंटर पास होऊन घरात बसलेली. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि मी प्रत्येक स्थळाला नाकं मुरडत होते. वडील, म्हणजे आमचे दादा, सांवेरकडे नवेच नायब तहसीलदार झाले होते. हिवाळ्यात ते तंबू घेऊन गावोगाव दौऱ्यावर जायचे. त्या वर्षी आई ताईच्या बाळंतपणाला देवासला गेली, आणि दादांना बाहेरचं तिखट बिलकुल सोसायचं नाही, म्हणून स्वयंपाकाला मी बरोबर निघाले. स्वयंपाकाचं काय घेऊन बसलात! मला तंबूत राहायला मिळणार होतं. मी आठ दिवस आधी ट्रंक भरून ठेवली होती.

मुक्काम पडला सांवेर आणि उज्जैनच्या मधल्या एका गावाबाहेर, आमराईत. सांवेर इंदूरकडचं आणि उज्जैन ग्वाल्हेरकडचं, त्यामुळे दोन्ही राज्यांची जुनी शीव या गावाला अगदी खेटून गेलेली. शीव म्हणजे नुसती रेघ नव्हे हं. या राज्याच्या दगडांची एक रांग, त्या राज्याच्या दगडांची एक रांग, आणि मध्ये बैलगाडी आरामात वळेल एवढा रुंद पट्टा. तो ना यांचा ना त्यांचा. तिथे नांगर घालायची कोणाची टाप नव्हती, कारण घातलाच तर दोन दोन सरकारांचे शिपाई दारात उभे. आणि नेमका हाच पट्टा धरून मारवाडातले रेबारी दर हिवाळ्यात मेंढ्या आणि उंट घेऊन खाली नर्मदेकडे जायचे, आणि उन्हाळ्यात त्याच वाटेने परतायचे. पिढ्यान् पिढ्या. शिवेवर एक नाका होता. तिथे सरकारी माणसाला विचारायचं, तो ‘जा’ म्हणाला की पुढे निघायचं, हा त्यांचा रिवाज.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी तंबूपुढे बसून मेथी निवडत होते. दादा पटवारीजींना, म्हणजे तिथल्या तलाठ्यांना, घेऊन गावात गेले होते. तेवढ्यात एक रेबारीण आली. उंच, सावळी, कोपराच्या वर खांद्यापर्यंत पांढरी कडी, आणि ओढणीच्या झोळीत एक कोकरू. पुरुषमंडळी मोठा कळप घेऊन चार दिवस आधी दुसऱ्या वाटेने पुढे गेली होती. नुकत्या व्यालेल्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं घेऊन ही आणि तिची जाऊ मागून हळूहळू येत होत्या. नाक्याचं छप्पर तिला रिकामं दिसलं, माणूस कोणी नाही, म्हणून ती सरकारी डेऱ्यावर आली.

तिने हात जोडले. “बाईसा, आगे रस्तो खुलो है?”

आता खरं तर मी काय म्हणायला हवं होतं? की बाई, मला ठाऊक नाही, दादा येईपर्यंत बस. पण छे! मी त्या दिवसांत पेपर वाचून वाचून अगदी भारावलेली. मी मेथी बाजूला टाकली आणि उभी राहून भाषणच ठोकलं. “खुला? अरे, सब खुला है! अब न इंदौर, न ग्वालियर, सब एक राज. नाका गया, रोक-टोक गई. बेधडक जाओ!”

तिचं तोंड असं फुललं म्हणता! तिने झोळीतलं कोकरू माझ्या मांडीवर दिलं, मला ते थोडा वेळ खेळवू दिलं आणि आशीर्वाद देत निघून गेली. मी खूश. दोन संस्थानं जणू मीच एकत्र आणली होती.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच आमराईत कोलाहल. एक म्हातारासा शेतकरी धोतर सावरत, मुठीत उपटलेला चणा नाचवत, ओरडतच आला. मागे अर्धं गाव.

“साब, लुटी ग्या म्हें! घाटा भरी आया था, सब चरी गी!”

झालं होतं ते असं. राज्यं एक झाल्यावर या बाबाने पावसाळ्यानंतर तो मधला पट्टा सरळ नांगरून घेतला आणि त्यात चणा पेरला. चणा घाट्यावर आलेला, अगदी आठ-पंधरा दिवसांचा खेळ. आणि पहाटे रेबारणी मेंढ्या घेऊन आपल्या नेहमीच्या वाटेने निघाल्या, त्या थेट चण्यात! अर्धा पट्टा साफ. गावकऱ्यांनी लाठ्या घेऊन मेंढ्या घेरल्या आणि कोंडवाड्यात नेऊन घातल्या. कोकरं मात्र रेबारणींच्या डेऱ्यावरच राहिली होती. सकाळी आया चरायला जातात तेव्हा पिल्लांना मागे जाळीत ठेवतात, ऊन वर आलं की आया परत येऊन पाजतात, ही त्यांची पद्धत.

मी तंबूच्या कनातीआड उभी राहिले.

दादांनी खुर्ची बाहेर मांडायला लावली. दोन्ही पक्ष समोर. दादांचा स्वभाव माझ्या अगदी उलट. ते प्रश्न विचारून झाल्यावर इतका वेळ गप्प बसायचे की समोरच्याला घाम फुटायचा.

“तुम्हें किसने कहा इधर से जाने को?” त्यांनी रेबारणीला विचारलं.

मी कनात घट्ट धरली. आता ती बोट दाखवणार आणि अख्ख्या गावासमोर दादांची इज्जत जाणार. ती जमिनीकडे बघत राहिली.

“कोई नी, हुजूर. म्हारी भूल.”

अगं बाई! मी उडालेच. भूल तिची? तिची कसली भूल?

शेतकरी पुढे सरसावला. “साब, रस्तो थो, म्हूं ना नी कूं. पण वो पल्ली आडी, नाले का कांठा से थो. म्हारा खेत में से नी थो.” म्हणजे वाट होती खरी, पण पलीकडे, नाल्याकाठाने. पटवारीजींनी दोन्ही राज्यांचे नकाशे काढले. इंदूरचा नकाशा इंदूरच्या दगडांपाशी संपत होता, ग्वाल्हेरचा ग्वाल्हेरच्या दगडांपाशी. मधला पट्टा कुठल्याच कागदावर नाही. आणि दगड तर शेतकऱ्याने केव्हाच उपटून नाल्यात लोटलेले. आता पट्टा इथे की तिथे, सांगणार कोण?

दादांनी दोन्ही नकाशे मिटले. मग म्हणाले, “सांवेरहून कानूनगो येऊन मोजणी करेल. दोन दिवस लागतील. तोवर मेंढ्या कोंडवाड्यातच राहतील.”

रेबारीण वळली आणि आपल्या डेऱ्याकडे चालू लागली. तिचा डेरा आमराईच्या टोकालाच होता, आणि तिथून कोकरांचं ओरडणं सकाळपासून चालूच होतं. तीस-पस्तीस कोकरं. मी चहाचं सगळं दूध लोटीत ओतून घेतलं आणि पळत तिथे गेले. कापसाची वात भिजवून एकेकाच्या तोंडात धरू लागले. दोन-चार जणांनी चोखली, बाकीच्यांनी तोंडं फिरवली. काल मांडीवर खेळवलेलं ते पिल्लू, कपाळावर काळा ठिपका असलेलं, मान टाकून पडलं होतं.

“दो दिन?” मी विचारलं.

“छोटा तो सांझ नी देखे, बाईसा,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

मला राहवलं नाही. “तुमने मेरा नाम क्यों नहीं लिया? मैंने ही तो कहा था!”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काही विचित्र बोलले. “बेटी री बात बाप रे आगे कुण करे?”

बस्स! माझ्या अंगाचा भडका उडाला. तिच्यावर नाही, स्वतःवर. एक बाई, आपली जित्राबं मरायला टेकलेली असताना, दुसऱ्याच्या पोरीची लाज राखते, आणि मी, इंटर पास, कनातीआड लपून बसते? मी ते ठिपकेवालं कोकरू उचललं, पदर खोचला आणि तरातरा परत आले. लोक अजून तिथेच घोटाळत होते. मी दादांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

“दादा, हिला मी सांगितलं. रस्ता खुला आहे, बेधडक जा, असं मीच सांगितलं.”

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते पटवारीजींना म्हणाले, “लिहा. रस्ता खुला असल्याचं सरकारी डेऱ्यावरून सांगण्यात आलं. सांगणारी, नायब तहसीलदारांची मुलगी.”

पटवारीजींचा टाक हवेतच राहिला. “साहेब, हे कशाला लिहायचं? घरचा मामला आहे…”

“लिहा म्हणतो ना!”

दादांचा आवाज असा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. पण शेतकरीही काही कमी नव्हता. तो म्हणाला, “छोरी ने कई द्यो तो कईं म्हारो चणो पाछो उगी जायगो?” आणि खरं सांगते, त्याचं काही चुकत नव्हतं. त्याने घाम गाळला होता. वाट नाल्याकाठची असो की पट्ट्यातली, चणा तर त्याचाच गेला होता.

तेव्हा मागून रेबारीण आली. ओढणी पुढे ओढून, पण आवाज खणखणीत. “हुजूर, आदमी झूठ बोले. म्हारी उंटीण ने पूछ लो.”

सगळे खो-खो हसले. ती हसली नाही. ती म्हणाली, ही उंटीण बारा हिवाळे याच वाटेने चालली आहे. तिच्यावर बिऱ्हाड लादा, दोरी सोडून द्या आणि मागून चला. ती जिथून जाईल तोच रस्ता, आणि जिथे आपण होऊन बसेल तोच आमचा दरवर्षीचा मुक्काम.

शेतकऱ्याचे डोळे चमकले. त्याने काय हिशेब केला ते सगळ्यांनाच कळलं. समोर हिरवागार चणा असताना मोकळी उंटीण काय सरळ चालणार आहे? तोंड खुपसून बसेल जागच्या जागी! “मंजूर!” तो ओरडला. “वा कां बी मूंडो मारे, तो बात खतम!”

“लादी उंटीण चरे नी,” रेबारीण एवढंच म्हणाली. पाठीवर ओझं असेपर्यंत खाली तोंड घालायचं नाही, ही सवय ते उंटाला लहानपणापासून लावतात. हे माळव्यातल्या शेतकऱ्याला कुठून माहीत असणार! बैल तर जुंपलेला असला तरी बांधावर तोंड मारतोच.

मग लादालाद सुरू झाली. बाज उलटी करून पाठीवर, तिच्यात जातं, घागरी, गोधड्या. आणि दोन्ही अंगांना जाळ्या लटकवून त्यांत कोकरं! सगळी बाहेर माना काढून बें-बें करत. ठिपकेवालं मी माझ्याजवळच ठेवलं. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली अगदी हळू चालू होतं. उंटीण उठली, दोरी सुटली, आणि निघाली वरात! पुढे उंटीण, मागे रेबारणी, मग दादा छत्री घेऊन, पटवारीजी मोजणीची साखळी घेऊन, शेतकरी, मी आणि सगळं गाव. बाया डोक्यावरची घागर तशीच घेऊन मागे. आमच्या इंदुरी बोलीत सांगायचं तर, भिया, इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, पुष्कळ पाहिली, पण असली मजा नाही.

उंटीण आमराईतून बाहेर पडली. नाल्याकडे वळायचा फाटा आला. शेतकऱ्याने श्वास रोखला. तिने नाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चण्यात शिरली.

“खायगी! अब खायगी!” लोक ओरडले. चणा तिच्या पायांना घासत होता. तिने मान वर ठेवली आणि चालत राहिली, तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत, अगदी सासरेबुवांच्या तोऱ्यात. एके ठिकाणी सपाट शेतात, जिथे काही म्हणता काही नव्हतं, ती गर्रकन डावीकडे वळली. पटवारीजी ओरडले, “साहेब, इंदूरच्या नकाशातही दगडांची रांग अशीच डावीकडे वळते!” मी आनंदाने अशी उडी मारली की हातातलं कोकरू पडता पडता राहिलं.

आणखी शंभरेक पावलांवर उंटीण थांबली. गुरगुरली, पुढचे गुडघे टेकले, आणि भर चण्यात बसली.

तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. पट्ट्यातला बाकीचा चणा ठीकच होता, पण उंटीण बसली तिथे मोठं गोल रिंगण होतं, आणि त्या रिंगणातला चणा काळपट हिरवा, गुडघ्याच्या वर आलेला, घाट्यांनी लगडलेला. मी न राहवून बोललेच, “बाबाजी, यहां खाद ज्यादा डाली क्या?”

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. तो वाकला, मूठभर माती उकरली, चोळली. मातीत लेंड्यांचा भुगा होता आणि काळी राख. पिढ्यान् पिढ्या मेंढ्या बसल्या होत्या तिथे.

“खाद तो म्हने नाखीज नी,” तो हळूच म्हणाला. खत त्याने टाकलंच नव्हतं. मग दादांकडे बघून म्हणाला, “यांज बैठता था ई लोग, साब. म्हूं टाबर थो जद से देखूं. म्हूं झूठ बोल्यो.” लहान पोर होता तेव्हापासून तो त्यांना तिथे बसताना बघत आला होता.

आणि त्याच वेळी, काय सांगू, कोंडवाड्यातून आवाज आला. कोंडवाडा तिथून जवळच, गावाच्या कडेला. कोकरांचं ओरडणं मेंढ्यांना ऐकू गेलं होतं. आधी एक, मग दोन, मग सगळ्याच. भिंतींवर धडका बसू लागल्या. इकडून पिल्लं, तिकडून आया. कानठळ्या बसल्या. रेबारीण, जी सकाळपासून दगडासारखी उभी होती, ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

दादांनी हुकमासाठी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी म्हातारा पळाला. धोतर हातात धरून, ठेचकाळत, चौकीदाराला शिव्या घालत, “खोल! अरे, खोल फाटक!” त्याने स्वतःच अडसर काढून फेकला. मेंढ्या धूळ उडवत आल्या. आम्ही जाळ्या सोडल्या. दोन मिनिटं नुसता गोंधळ, आणि मग एकदम चिडीचूप. प्रत्येक पिल्लू आपापल्या आईच्या कासेला. मी माझं घेऊन वेड्यासारखी फिरत होते, याची आई कुठे, याची आई कुठे! शेवटी एक लंगडी मेंढी सगळ्यांच्या मागून आली, तिने माझ्या हाताला नाक लावलं, आणि मेलंय की जगलंय कळत नव्हतं असं ते पिल्लू धडपडत उतरून तिला चिकटलं. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

दादांनी तिथेच उभ्या उभ्या निवाडा केला. उरलेला चणा यंदा शेतकऱ्याने काढावा, पुढल्या सालापासून पट्टा मोकळा. आणि झालेल्या नुकसानीपायी, उन्हाळ्यात परतताना रेबाऱ्यांनी त्याच्या रिकाम्या शेतात खतासाठी चार रात्री मेंढ्या बसवाव्यात. म्हातारा लगेच म्हणाला, “चार नी, साब, पांच!” सगळे हसले. या वेळी रेबारीणसुद्धा हसली.

संध्याकाळी जेवताना दादा मला एकच वाक्य बोलले. “भाजीत मीठ नाही.” एवढंच. त्या सगळ्या गडबडीत मी खरंच विसरले होते.

सकाळी रेबारणींचा डेरा उठला. उंटीण लादली गेली, मेंढ्या गोळा झाल्या. निघताना ती माझ्यापाशी आली. ठिपकेवालं कोकरू आता टुणटुण उड्या मारत होतं. म्हातारा शेतकरीही बांधावर येऊन उभा होता. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कालचं काही घडलंच नाही अशा थाटात विचारलं,

“बाईसा, आगे रस्तो खुलो है?”

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आलंच होतं! मी ते गिळलं.

“मालूम नहीं,” मी म्हणाले. “रुको, दादांना विचारून येते.”

आणि मी पदर खोचून तंबूकडे पळत सुटले.